गोठ्यातलं शेण उचलायला लोडर घेऊ, की बागेसाठी छोटा ट्रॅक्टर?

वाचकाचं पत्र:

नमस्कार दादा, आम्ही सांगोला तालुक्यात राहतो. पाच एकर रान आहे, तीन एकर डाळिंब, बाकी मका, कडवळ आणि नेपियर. आठ संकरित गाई आहेत, मुक्त गोठा आहे. मिस्टर पुण्याला कंपनीत, शेती मी आणि मामंजी बघतो. शेण काढायला गडीच मिळत नाही. एक जण जुना मिनी लोडर, तो जागच्या जागी गर्रकन फिरणारा चार चाकी, पाच लाखाला देतोय. दुसरा म्हणतो जुना टू व्हील, म्हणजे ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाणारा, २२ एचपी मिनी ट्रॅक्टर घ्या, त्याला पुढून लोडर बसवून देतो, सगळं मिळून साडेतीन लाख. मामंजी म्हणतात घ्यायचाच तर ४५ एचपीचा घ्या, भाड्याने पण फिरेल. चालवणार मीच आहे, बऱ्यापैकी शिकलेय. मुलगा १० वर्षांचा आहे, तो मडगार्डवर बसून सोबत येतो, त्यामुळे मलाही धीर येतो. तर काय घेऊ, आणि घेतल्यावर निगा कशी राखू?

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलतो, कारण ते नवीन ट्रॅक्टर यायच्या आधीच, आजच बंद करायचं आहे. मुलाला मडगार्डवर बसवू नका. एक फेरी नाही, गल्लीतून घरापर्यंत पण नाही. मागचं मोठं चाक मडगार्डच्या अगदी खाली फिरत असतं, एखाद्या दगडावरून ट्रॅक्टर उसळला की पोरगं पुढे पडतं किंवा मागे पडतं, आणि मागे पडलं तर तिथे फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर असतो. ट्रॅक्टरला सीट एकच असते. मामंजी बसले तरी नको, गडी बसला तरी नको. तुम्हाला धीर कुठून मिळेल ते खाली सांगतो.

आता काय घ्यायचं. तुम्ही तीन मशीनबद्दल विचारलंय, पण आधी कामाचे तास मोजा असं माझं म्हणणं आहे, मी गेली वीसेक वर्षं आटपाडीकडे डाळिंबात छोटा ट्रॅक्टर चालवतोय आणि दरवेळी लोकांना हेच सांगतो, वही घ्या आणि वर्षाचे तास लिहून काढा.

तुमच्यासाठी मीच मांडून बघितलं. डाळिंब १४ बाय १० वर असेल असं धरतो, म्हणजे एकरी ३१० च्या आसपास झाडं, तीन एकरात साधारण ९३० झाडं. बहार धरताना, म्हणजे झाडं फुला-फळाला तयार करताना, झाडाला २५ किलो शेणखत म्हटलं तर २३ टन खत लागतं. आठ गाईंचं दिवसाला शंभर-सव्वाशे किलो ओलं शेण निघतं, वर्षाला ४० टनाच्या वर, कुजून निम्मं झालं तरी तुमची बाग घरच्याच खतावर भागते, ही चांगली गोष्ट आहे. आता हे २३ टन ट्रॉलीत भरायचं. छोट्या लोडरच्या बकेटमध्ये दीड-दोनशे किलो बसतं, दोनशे धरलं तर ११५ बकेट, एकाला तीन मिनिटं, म्हणजे सहा तासांच्या आतबाहेर काम झालं. वर्षातून सहा तास! बाकी माती, मुरूम, बांध दुरुस्ती वगैरे धरून १५-२० तास म्हणा. आणि दुसरीकडे बघा, बहार धरल्यापासून तोडणीपर्यंत ४० फवारण्या धरल्या आणि तीन एकराला दोन सव्वादोन तास गेले तरी ८०-९० तास झाले, गवत आणि रोटाव्हेटर मिळून २५, आणि रोजचा चारा आणायला अर्धा तास म्हटलं तरी वर्षाचे १८० तास. झाले ३०० तास.

म्हणजे तुमचं ट्रॅक्टरचं काम ३०० तासांचं आहे आणि लोडरचं १५-२० तासांचं. जे ३०० तास लागतं ते विकत घ्यायचं, जे १५ तास लागतं ते भाड्याने आणायचं. खत भरायला बहाराच्या आधी एक दिवस जेसीबी बोलवा, तुमचा सहा तासांचा ढीग तो दीड-दोन तासात भरून देतो. आमच्याकडे तासाला बाराशे रुपये घेतात, तुमच्याकडे शेदोनशे इकडेतिकडे असेल. वर्षाचे सगळे मिळून दहा हजार पण होणार नाहीत आणि त्यासाठी पाच लाख अडकवायचे का, हा सरळ हिशोब आहे.

तरी त्या जुन्या मिनी लोडरबद्दल नीट सांगतो, कारण विकणारा तुम्हाला गोठ्यात शेण उचलून दाखवेल आणि ते बघून कुणालाही मोह होईल. हे मशीन जन्मालाच त्यासाठी आलंय. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला सिरिल आणि लुईस केलर या दोन भावांनी एका टर्कीच्या शेडमधली घाण काढायला छोटा लोडर बनवला, पुढे त्याचाच बॉबकॅट झाला. त्यामुळे फरशीवर, अडचणीत, खांबाखांबांतून ते सुंदरच काम करतं. पण त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची थांबवून किंवा उलटी फिरवून ते घसटत वळतं. काँक्रीटवर त्यामुळे टायर झिजतात आणि बागेत नेलं तर प्रत्येक वळणाला माती खरवडून ठिबकच्या नळ्या गोळा करून आणतं. दुसरं, त्याला आपल्या ट्रॅक्टरसारखा मागे पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा इंजिनवरचा दांडा, नसतो, म्हणजे फवारणीचा ब्लोअर चालणार नाही. आणि तिसरं, ते सगळं हायड्रॉलिकवर पळतं, पंप आणि मोटरी थकल्या की त्याचा खर्च ऐकून तुम्ही मशीन तिथेच सोडून द्याल, सांगोल्यात ते खोलून नीट बसवणारा मिस्त्री शोधावा लागेल. ४०-५० गाईंचा गोठा असता, खाली सगळं काँक्रीट असतं, किंवा पोल्ट्री असती तर मी स्वतः तुम्हाला घ्या म्हटलं असतं. आठ गाईंना नाही.

दुसरा पर्याय, टू व्हीलला पुढून लोडर, याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे आणि त्याचं कारण माझ्या घरचं आहे.

काही वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. गावाजवळच्या एका वर्कशॉपमधून टू व्हील मिनी ट्रॅक्टरला लोडर बनवून घेतला, त्यांनी मागे वजन लावायचं काही सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. उन्हाळ्यात ओलं शेण भरत होतो, बकेट पूर्ण भरलेली, ट्रॉलीच्या फाळक्याच्या वर जावी म्हणून उंच उचललेली, आणि तसाच वळण घेत पुढे निघालो. ठिबकच्या मेन लाईनची चारी नीट बुजवलेली नव्हती, तिथे पुढचं उजवं चाक वीतभर खाली गेलं. पुढचा एक्सल मधे एका पिनवर झुलतो, तो ट्रॅक्टरला तिरकं होण्यापासून अडवत नाही, तो आधी नुसता झुलतो आणि अगदी शेवटी टेकतो. ट्रॅक्टर एका अंगाला कलला आणि मला डाव्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडून हवेत रिकामं फिरताना दिसलं. हात लिव्हरवरच होता, लिव्हर पुढे ढकलला, बकेट धाडकन खाली आली, आणि मागचं चाक परत टेकलं. दोन सेकंदांचा खेळ. उतरून बघितलं तर पुढचा स्टब एक्सल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो दांडा, वाकलेला. त्या दिवशी संध्याकाळी लोडर काढून ठेवला तो परत बसवला नाही.

यात काय झालं ते समजून घ्या म्हणजे उद्या कुणी काहीही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन ७००-९०० किलो. त्याच्या पुढच्या चाकाच्याही पुढे अडीच-तीनशे किलोचा लोडर आणि त्यात दोनशे किलो शेण. पुढच्या एक्सलवर सगळा भार आला आणि मागचा भाग हलका झाला. तराजूसारखंच आहे. आता बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागचं चाक हलकं झालं म्हणजे उतारावर पाय ब्रेकवर आहे, चाक थांबलंय, आणि ट्रॅक्टर घसरतच चाललाय. टू व्हीलचा पुढचा एक्सल तर बिचारा फक्त स्टेअरिंगसाठी केलेला असतो. बेअरिंग, स्टब एक्सल, टायर सगळंच रडतं, आणि पुढे-मागे पुढे-मागे करून क्लच प्लेट एका सीझनला जाते ते वेगळंच.

कधी काळी लोडर घ्यावासाच वाटला तर फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या ट्रॅक्टरवर, त्या मॉडेलला कंपनीने मान्य केलेलाच, आणि मागे अवजार अडकवायच्या थ्री पॉइंटला वजन अडकवूनच, काँक्रीटचा ब्लॉक ओतून घेतला तरी चालतो. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर घेऊन चालायचं नाही, उचलायची ती ट्रॉलीजवळ थांबल्यावर. आणि उचललेल्या बकेटखाली कुणीही जायचं नाही, इंजिन बंद असलं तरी नाही, कारण होज पाईप फुटायला मुहूर्त लागत नाही.

मामंजींचा ४५ एचपीचा मुद्दा मी उडवून लावत नाही, नांगरटीला ताकद लागतेच. पण डाळिंब मोठं झालं की १४ फुटांच्या पट्ट्यात प्रत्यक्षात मोकळी वाट सहा-सात फूटच उरते, मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडत आणि फळं घासत जातो, फळावर एक ओरखडा आला की व्यापारी तो माल वेगळा काढतो हे त्यांना मी सांगायला नको. शिवाय दोन टनाचं धूड वर्षातून चाळीस वेळा त्याच वाटेने गेलं की माती दगड होते आणि मुळ्यांना हवा मिळत नाही. नांगरट रिकाम्या रानात वर्षातून एकदा, ती भाड्याने करून घ्या. भाड्याच्या धंद्याचं म्हणाल तर त्यासाठी दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा माणूस लागतो, तो घरात कोण आहे? मामंजींना माझा नमस्कार सांगा आणि हे तासांचं गणित त्यांच्यापुढे ठेवा, शेतकरी माणूस आहे, आकडा बघितला की समजतं.

आणि स्वतःचा ट्रॅक्टर असावा असं मला वाटतं त्याला डाळिंबवाल्यांसाठी अजून एक कारण आहे. भाड्याचा ट्रॅक्टर काल कुणाच्या बागेत होता हे आपल्याला ठाऊक नसतं. झाडं वाळवणाऱ्या मर रोगाच्या बागेतली माती चाकाला, फणाला चिकटून येते. तुमच्या भागात मर आणि खोडकिड्याने किती बागा काढाव्या लागल्या ते तुम्ही डोळ्याने बघितलंय. म्हणून नांगरटीला भाड्याचा येईल तेव्हा बांधावरच त्याची चाकं आणि अवजार पाण्याच्या पाईपने धुऊन मगच आत घ्या. वाईट वाटलं तर वाटू दे त्याला.

तर घ्यायचा तो फोर व्हील मिनी ट्रॅक्टर, २४ ते २९ एचपी. महिंद्रा जिवो २४५ आहे, कुबोटा बी२४४१ आहे, जॉन डिअर ३०२८ ईएन आहे, स्वराज टार्गेट ६३० आहे, व्हीएसटी आणि कॅप्टनचे पण आहेत. यातला एक नंबर कोणता असं मला विचारू नका, मी ते तुमच्या घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे यावर ठरवेन. ऐन फवारणीत ट्रॅक्टर बंद पडला, ढग आलेत, तेल्या रोग पसरायला एक रात्र पुरते आणि मेकॅनिक म्हणतो परवा येतो, तिथे दोन एचपी जास्त असून काय उपयोग. इंजिनचा एचपी विचारताना पीटीओचा एचपी पण विचारा, ब्लोअरला तोच लागतो, आणि तुमच्या ब्लोअरला किती लागतो ते ब्लोअरवाल्याकडून लिहून घ्या. डेमो बागेतच मागा, शोरूमच्या अंगणात नको. पाण्याने भरलेला ब्लोअर मागे लावून चढावर चालवून बघा, पुढचं तोंड उचलतंय का ते बघा.

तुम्ही स्वतः चालवणार म्हणून आणखी एक, सीटवर बसून क्लच अगदी तळापर्यंत दाबून बघा. पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे. सीट पुढे-मागे सरकते का, पॉवर स्टेअरिंग आहे का, उलटला तर वाचवणारा मागचा लोखंडी कमान-बार आहे का. हे लाजायचं नाही, सेल्समन शेजारच्या भावजींशी बोलायला लागला तर त्याला सांगा चालवणार मी आहे, मला सांगा.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, ट्रॅक्टरचे टायर आणि बरेचसे पार्ट १८ वरून ५ वर आले, तेव्हा कोटेशन बघताना दर जुना लावला नाही ना हे बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणातून ट्रॅक्टरला अनुदान मिळतं, महिला आणि अल्पभूधारकांना टक्का जास्त असतो, म्हणून सातबारा तुमच्या नावावर असेल तर अर्ज तुमच्याच नावाने करा. पण पूर्वसंमतीचं पत्र येईपर्यंत बिल करायचं नाही. डीलर म्हणेल ताई घेऊन जा, कागद मागाहून करू, आणि तसं घेतलेल्यांचं अनुदान अडकलेलं मी माझ्या वाडीत बघितलंय. अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल अपलोड.

जुनाच घ्यायची वेळ आली तर सकाळी न सांगता जा, इंजिन थंड असताना सुरू करायला लावा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजून जा. ऑइलची काडी काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा, भसाभसा धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मीटर ८०० तास दाखवतंय आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं जुळत नाही. लिफ्टला अवजार अडकवून उचला, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं चहा प्या, अवजार खाली बसत आलं तर हायड्रॉलिकचं काम आहे. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवून बघा. आरसी बुकवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

आता रोजच्या शेणाचं. मुक्त गोठ्यात ट्रॅक्टरला मागे पाटी, म्हणजे लेव्हलर ब्लेड लावा, गाई एका बाजूला घेऊन दोन-चार दिवसांतून एकदा सगळं ओढत नेऊन खड्ड्याजवळ ढीग करा. वीस मिनिटांचं काम आहे, खोरं हातात घ्यावं लागत नाही, आणि ब्लेड लोडरच्या मानाने अगदी स्वस्तात येतं.

निगा. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण छोटी इंजिनं कामाने कमी आणि धुळीने जास्त मरतात. आपल्याकडची माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. आठवड्यातून एकदा, इंजिन बंद करून, एअर फिल्टरच्या पुढे इंजिनकडे जाणारा जो रबरी पाईप आहे तो सोडवा आणि पांढऱ्या कपड्याचा तुकडा बोटाला गुंडाळून आतून फिरवा. कपडा स्वच्छ आला तर झोपा निवांत. मातकट आला तर इंजिन धूळ खातंय, क्लिप ढिली आहे किंवा पाईपला चीर आहे किंवा फिल्टर नीट बसलेला नाही, आणि त्या दिवशी ट्रॅक्टर जाग्यावरच ठेवा, शंभर-दोनशे रुपयांच्या पाईपसाठी पन्नास हजारांचं इंजिनकाम होतं. ऑइलवाला एअर क्लिनर असेल तर धुळीच्या दिवसांत रोज सकाळी वाटी उघडून बघा, तळाला गाळ बसला की ऑइल बदला. कोरडा कागदी फिल्टर असेल तर उठसूट काढून आपटू नका, तसं केल्याने कागद फाटतो, आतून बाहेर हलक्या हवेने मारा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तासांना सरळ नवीन घाला.

फवारणीनंतरचं धुणं कुणी करत नाही आणि तिथेच ट्रॅक्टर सडतो. बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, तांब्याची औषधं, गंधक, सगळं पत्र्यावर, वायरींच्या जोडांवर आणि मुख्य म्हणजे रेडिएटरच्या जाळीत बसतं, त्यावर गवताचं बी आणि धूळ चिकटली की इंजिन तापायला लागतं आणि आपण म्हणतो कंपनीचा माल हलका आहे. प्रत्येक फवारणीनंतर, इंजिन थंड झाल्यावर, रेडिएटरला पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साधं पाणी मारा. प्रेशर गन एकदम जवळ धरू नका, जाळीची पाती वाकतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे माहीतच असेल.

ग्रीस. फोर व्हीलचा पुढचा भाग, मधली झुलणारी पिन, स्टेअरिंगचे जोड, पीटीओ शाफ्टचे क्रॉस, जिथे जिथे ग्रीस भरायचं निप्पल दिसतं तिथे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, चिखलात किंवा पाण्यात काम झालं तर त्याच संध्याकाळी. आधी निप्पल पुसा, नाहीतर गन लावून आपणच माती आत ढकलतो. नवीन ग्रीस कडेने बाहेर दिसलं की थांबा.

इंजिन ऑइल बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना पहिल्यांदा ५० तासांना आणि मग २००-२५० तासांना बदलायचं असतं, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा खरा. तुमचे ३०० तास धरले तर वर्षाला एक, फार तर दोन बदल्या, त्यात कंजुषी करू नका आणि प्रत्येक वेळी फिल्टर पण बदला. गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचं ऑइल वेगळं असतं, ऑइलमधले ब्रेक असतील तर त्याला ठरलेलंच लागतं. दुकानदार हे पण चालतंय म्हणून दुसरं देतो आणि महिन्याभरात ब्रेक दाबला की घरघर आवाज सुरू होतो. हायड्रॉलिकचा पाईप कुठे बारीक झिरपतोय असं वाटलं तर हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं ऑइल कातडीतून आत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, डाग कुठे पडतो ते दिसतं.

डिझेल संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवा, टाकी रिकामी राहिली की रात्री आत दव धरतं आणि ते पाणी पंपात जातं. ड्रमातून भरत असाल तर ड्रम हलवून लगेच ओतू नका, तळाचं चार बोटं डिझेल तसंच राहू द्या. उंदीर वायरी खातात, गोठ्याजवळ लावणार म्हणजे पेंडीला उंदीर येणारच, बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघत जा.

फोर व्हीलचा लिव्हर रानात टाका, डांबरी रस्त्याला लागलात की काढा. कडक रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात, टायर आणि पुढचे गिअर दोन्ही झिजतात. मात्र भरलेली ट्रॉली घेऊन उतरणीला लागलात तर तो टाकलेला असू द्या, म्हणजे पुढची चाकं पण थोपवायला मदत करतात. उतरणीला न्यूट्रल कधीच नाही. आणि दोन ब्रेक पॅडल असतात त्यांना जोडणारी पट्टी रस्त्यावर निघताना लावलेली आहे ना, हे रोज बघा. एकाच पॅडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

एक शेवटचं, हे मी बायकांना खास सांगतो आणि मनापासून सांगतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात ९. पदर, ओढणी, मोकळी वेणी त्याच्या कक्षेत गेली की हात आखडायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टरवर जाताना साडीवर शर्ट घालून पदर आत खोचा, नाहीतर सरळ पँट-शर्ट घाला, लोक चार दिवस बघतील. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं की त्याच आठवड्यात नवीन बसवा, आणि नोझल चोंदलं, काही अडकलं, काहीही झालं तरी पीटीओ काढून इंजिन बंद करून चावी खिशात घालून मगच मागे जा.

आणि तुमच्या मुलाचं, आणि वर म्हटलेल्या तुमच्या धीराचं. त्याला ट्रॅक्टरपासून लांब ठेवलं तर तो चोरून चढेल, या वयात आम्ही सगळेच चढलो. त्यापेक्षा त्याला एक शंभर पानी वही आणून द्या आणि त्यावर ट्रॅक्टरचं नाव घालायला सांगा. रोज संध्याकाळी इंजिन बंद झालं, चावी तुमच्या हातात आली, की त्याने मीटरवरचे तास वाचून लिहायचे, त्या दिवशी काय काम केलं, किती लिटर डिझेल टाकलं, ग्रीस मारलं का, ऑइल कधी बदललं. ऑइलची तारीख जवळ आली की तोच तुम्हाला आठवण करेल, आणि वर्षाअखेरीला तुमचे खरे किती तास झाले ते त्या वहीतूनच मला कळवा. मी मांडलेले ३०० अंदाजाचे आहेत.